सगळ्यात अवघड सायकल आधी तोला

पत्र थोडक्यात असं: घरात तीन सायकली आहेत. नवऱ्याची कार्बन फ्रेमची रोड बाइक ८ किलोची. पत्रलेखिकेची ई-बाइक लेडीज सायकलसारखी, म्हणजे आडवी दांडी नसलेली. मडगार्ड आणि मागच्या कॅरिअरसकट २४ किलो. १० वर्षांच्या मुलीची २० इंची सायकल ११ किलोची. गाडी छोटी एसयूव्ही, टपावर दोन्ही बाजूंना रेल. महिन्यातून एक-दोनदा ७०-८० किलोमीटरवर जाऊन सायकली चालवायच्या. शेवटचा टप्पा खडबडीत रस्त्याचा. नवऱ्याला टपावरचा रॅक हवा आहे, कारण मॅन्युअलमध्ये टपाची क्षमता ७५ किलो दिली आहे आणि तिन्ही सायकली मिळून ४३ किलोच भरतात. दीर म्हणतात, एवढा खर्च कशाला, माझ्यासारखा डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक घ्या, इतक्या वर्षांत काही झालेलं नाही. पत्रलेखिकेची उंची ५ फूट २ इंच, उजवा खांदा दुखरा. प्रश्न असा: "दोघांपैकी कोणाचं ऐकू? सगळ्यात सुरक्षित रॅक कोणता?"

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: "हे बऱ्याचदा पहाटेच सायकलवर निघतात, आम्ही दोघी मागून गाडीने येतो, त्यामुळे सायकली चढवायचं काम माझ्याकडेच असतं." नवऱ्याच्या आणि दिरांच्या मतांपेक्षा मला ते वाक्य जास्त कामाचं वाटलं. त्यातून दोन गोष्टी कळतात. सायकली उचलणाऱ्या तुम्ही आहात. आणि जाताना गाडीवर तीन नाही, दोनच सायकली असतात. तिसरी येते ती परतताना.

रॅक सुरक्षित आहे की नाही, हे नुसत्या रॅककडे बघून सांगता येत नाही. गाडी कोणती, सायकल कोणती आणि ती चढवणार कोण, हे तिन्ही माहीत असल्याशिवाय "सगळ्यात सुरक्षित" या शब्दांना अर्थ नाही. निवड करताना बहुतेक जण गाडीपासून सुरुवात करतात, किंवा घरातल्या सगळ्यात महागड्या सायकलीपासून. सुरुवात करावी ती सगळ्यात अवघड सायकलीपासून. तुमच्या घरात ती ई-बाइक आहे: सगळ्यात जड, बिनदांडीची, वर मडगार्डवाली. तिला जो रॅक चालतो, त्यात बाकीच्या दोघींची सोय करता येते. उलटं करायला गेलात तर पैसे दोनदा खर्च होतात.

आधी टपाचा हिशेब. ७५ मधून ४३ गेले, ३२ उरले, हे गणित बरोबर पण अपुरं आहे. टपाच्या क्षमतेत क्रॉसबार (दोन्ही रेलवर आडवे बसणारे दांडे) आणि त्यांवर सायकल धरणाऱ्या कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. दोन क्रॉसबार साधारण ५ ते ६ किलो, सायकलीचं एकेक कॅरिअर ३ ते ५ किलो. तीन कॅरिअर १२ किलोंची धरली तर तुमचे ४३ चे ६१ होतात. तरीही ७५ च्या आत, हे मान्य. पण ७५ हा एकटा आकडा नसतो. क्रॉसबारची स्वतःची मर्यादा असते, प्रत्येक कॅरिअरची वेगळी असते, आणि या तिन्हींत जो आकडा आधी आडवा येतो तो पाळायचा. टपावरची बहुतेक कॅरिअर एका सायकलीला १५ ते २० किलोच घेतात. ई-बाइक तिथे अडकते. बॅटरी काढली तरी तीन-साडेतीन किलोच कमी होतात, म्हणजे साडेवीस उरतात.

समजा एखादं जास्त क्षमतेचं कॅरिअर मिळालं, तरी ती वर चढवणार कशी? छोट्या एसयूव्हीचा टप साधारण १ मीटर ६५ सेंटीमीटरवर असतो, क्रॉसबार आणि कॅरिअर धरून आणखी १० ते १५ सेंटीमीटर. तुमची उंची १५७ सेंटीमीटर. म्हणजे वीस किलोंहून जड सायकलीची चाकं तुमच्या डोक्याच्या वर न्यायची, तीही गाडीच्या बाजूला उभं राहून, हात लांब करून. स्टुलावर चढून हे करायला कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. त्या उंचीवर तोल गेला की सायकल, गाडीची काच आणि तुम्ही, तिघांपैकी कोणीतरी सापडतंच.

टपाच्या रॅकला मी नावं ठेवते आहे असं मात्र नाही. हलक्या सायकली आणि उंच, धडधाकट माणूस असेल तर तो उत्तम. डिकी मोकळी राहते, नंबरप्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत, खडबडीत रस्त्यावर मागे काही घासत नाही. त्या मार्गाने जाणाऱ्यांनी एवढं बघावं. काही गाड्यांवरचे रेल नुसते शोभेचे असतात. प्लास्टिकचे, क्लिपांनी किंवा चिकटवून बसवलेले. मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाचा आकडाच नसेल तर तिथे काही बांधू नये. एकाच मॉडेलच्या सनरूफवाल्या आणि बिनसनरूफच्या गाडीला मर्यादा वेगळी असू शकते, तेव्हा आपल्याच गाडीची ओळ वाचायची. पुढचं चाक काढून फोर्क (चाक धरणारा चिमटा) पकडणारं कॅरिअर घेतलं तर एक्सलचं, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचं, माप जुळलं पाहिजे: खटक्याने उघडणाऱ्या जुन्या क्विक रिलीजला ९ मिलिमीटर, नव्या आरपार एक्सलला १२ किंवा १५, आणि त्यातही हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी १०० की ११० हे वेगळंच. आणि उंची! टपावर सायकल उभी केली की गाडी साधारण पावणेतीन मीटरची होते. बंदिस्त पार्किंगच्या तोंडाशी जी आडवी पट्टी असते, ती बऱ्याचदा दोन-सव्वादोन मीटरवर असते. दमून परत आल्यावर नेमकं हेच विसरतं, म्हणून स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवतात. बालिश वाटलं तरी चिकटवावी.

आता दिरांचा रॅक. त्यांचं काही बिघडलं नाही, याचं कारण बहुधा त्यांची गाडी आणि त्यांची सायकल. तुम्ही लिहिलं आहे की त्यांची सेडान आहे आणि सायकली साध्या दांडीच्या. सेडानच्या डिकीचं झाकण पत्र्याचं असतं, त्याच्या कडेला हुक घट्ट बसतात. तुमच्या गाडीच्या मागच्या दाराला वर प्लास्टिकचा स्पॉयलर आहे आणि अर्ध्याहून जास्त काच. हुक स्पॉयलरवर ओढला तर स्पॉयलर तडकतो, काचेच्या कडेवर ओढला तर काच. रॅक बनवणारे कोणत्या गाडीच्या कोणत्या वर्षाच्या मॉडेलला तो बसतो याची यादी देतात. त्या यादीत आपली गाडी नसेल तर "जरा ॲडजस्ट करून बसेल" या आश्वासनावर जाऊ नये.

पण तुमच्या बाबतीत गाडीपर्यंत जायचीही गरज नाही, कारण तुमच्या तिन्ही सायकली त्या रॅकला नापास होतात. या रॅकमध्ये दोन दांडे मागे निघतात आणि सायकल आडव्या दांडीवर त्यांच्यावर टांगली जाते. ई-बाइकला आडवी दांडीच नाही, आणि एका सायकलीला साधारण १५ किलोंची मर्यादा. हँडलपासून सीटपर्यंत बसवायची जोड-दांडी मिळते, पण तीही बहुतेक वेळा जड ई-बाइकसाठी नसते. तिच्यावर छापलेला आकडा वाचा. मुलीच्या सायकलीची फ्रेम इतकी लहान की दोन्ही दांडे तिच्यात एकदम मावणं कठीण. आणि कार्बनची सायकल टांगायची म्हणजे तिची दांडी दोन रबरी खाचांवर तोलून वर पट्टा आवळायचा. कार्बनची नळी लांबीच्या दिशेने जबर ताण सोसते, पण पातळ भिंतीवर एका ठिकाणी बाहेरून दाब आला की आतल्या थरांना तडा जातो, आणि तो वरून दिसेलच असं नाही.

ज्यांच्या गाडीला आणि सायकलींना हा रॅक चालतो, त्यांच्यासाठी दोन शब्द. पट्टे लावण्याआधी हुक आणि पाय जिथे टेकणार तिथली धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी; रंगावर ओरखडे रॅकने पडत नाहीत, त्याच्याखाली अडकलेल्या कणांनी पडतात. आधी वरचे पट्टे, मग खालचे, शेवटी बाजूचे, आणि पुन्हा वरचे आवळायचे. सायकली चढवल्यावर पट्टे थोडे ढिले पडतातच, म्हणून निघाल्यावर दहा-एक किलोमीटरवर थांबून ओढून बघायचे. लोंबणारी टोकं गाठ मारून आत खोचायची, नाहीतर वाऱ्याने फडफडून तीच रंग घासतात आणि बकलही हळूहळू सैल होतं. उन्हाने पट्टा फिका, खरखरीत झाला, की तो बदलायचा. रॅक लावलेला असताना डिकी उघडता येत नाही, म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि पंक्चरचं सामान मागच्या सीटवर ठेवा.

मग तुमच्यासाठी काय? टो-बारवर बसणारा प्लॅटफॉर्म रॅक. टो-बार म्हणजे गाडीच्या मागे चासीला बोल्टांनी जोडलेला तो लोखंडी आधार, ज्याला ट्रेलर लावतात. त्यावर बसणाऱ्या रॅकमध्येही टांगायचा प्रकार असतो, तो नको. प्लॅटफॉर्ममध्ये प्रत्येक सायकलीची दोन्ही चाकं पन्हळीसारख्या खाचेत उभी राहतात, वजन चाकांवर येतं, फ्रेमला फक्त आधार लागतो. उंची मांडीच्या आसपास, त्यामुळे चाकं एकेक करून वर घेता येतात. अनेक प्लॅटफॉर्मना ढकलत चढवायची छोटी उतरती पट्टीही मिळते. तुमच्या खांद्यासाठी ती घ्याच. ई-बाइकसाठी म्हणून बनवलेले प्लॅटफॉर्म एका सायकलीला २५ ते ३० किलो घेतात.

तुमच्या गाडीला सध्या टो-बार नाही. म्हणून पहिलं काम मॅन्युअल उघडायचं आणि दोन गोष्टी शोधायच्या: या गाडीला टो-बार बसवायला कंपनीची परवानगी आहे का, आणि असेल तर त्यावर उभा भार किती चालतो. ट्रेलर ओढायची क्षमता शेकडो किलोंची असते, तो आकडा बघून हुरळून जाऊ नका. रॅकसाठी लागतो तो उभा भार, म्हणजे टो-बारच्या टोकावर सरळ खाली पडणारं वजन. लहान गाड्यांना तो बऱ्याचदा ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असतो. तीन सायकलींचा प्लॅटफॉर्म स्वतःच २० किलोंच्या आसपास भरतो. त्यात बॅटरी काढलेली ई-बाइक साडेवीस, मुलीची ११ आणि कार्बनची ८ मिळवा: साडेएकोणसाठ. मर्यादा ७५ असेल तर निभावलं, ५० असेल तर नाही.

इथे तुमचं ते जाता जाता लिहिलेलं वाक्य पुन्हा उपयोगी पडतं. तीन सायकलींचा रॅक घेऊच नका. दोन सायकलींचा घ्या, साधारण १७ किलोंचा, आणि त्यावर ई-बाइक व मुलीची सायकल न्या. बेरीज साडेअठ्ठेचाळीस, ५० च्या आत बसते. परतताना कार्बनची सायकल गाडीच्या आत ठेवा. दोन्ही चाकं काढली की ती घरातली सगळ्यात आटोपशीर सायकल आहे, आणि चाकं काढायला फार तर एक ॲलन की लागते. मागच्या सीटचा एक भाग पाडायचा, दुसऱ्या भागावर मुलगी बसेल. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर ब्रेकचा खटका दाबायचा नाही. हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटून बसतात. दोन पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा सरकवून ठेवा. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला येईल अशी फ्रेम आडवी ठेवून चादर गुंडाळा आणि डिकीतल्या कडीला पट्ट्याने बांधा. हे बांधणं टाळू नका. जोरात ब्रेक लागला की मोकळी सायकल पुढच्या सीटवर येऊन आदळते.

या वाटणीने आणखी एक गुंता सुटतो. प्लॅटफॉर्म रॅकमध्ये सायकल धरायच्या दोन तऱ्हा असतात. एकीत लांब हाताचा जबडा फ्रेम पकडतो, दुसरीत हुक किंवा कमान फक्त टायर दाबते. कार्बनला टायरची पकड हवी. मडगार्डवाल्या सायकलीला ती अडचणीची, कारण दाबणारी कमान नेमकी मडगार्डवर येते, मडगार्ड वाकतं आणि टायरला घासू लागतं. तुमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत. कार्बनची आत गेली की फ्रेम पकडणारा रॅक बिनधास्त घेता येतो. फक्त ई-बाइकची तिरकी नळी बॅटरीमुळे जाड असते. जबडा तिथे मावत नसेल तर सीटखालची उभी नळी पकडावी. ब्रेकची किंवा मोटरची वायर जबड्यात चिरडत नाही ना, हे बोट फिरवून बघायचं. नुसतं बघून कळत नाही.

टो-बारचे दोन प्रकार चालतात: ५० मिलिमीटरचा गोळा, किंवा चौकोनी नळी, जी सव्वा इंची किंवा दोन इंची असते. रॅक त्यालाच जुळणारा हवा. सव्वा इंचीला जोडतुकडा लावून दोन इंची रॅक बसवायचा मोह टाळा. जोडतुकड्याने रॅक आणखी मागे सरकतो, आणि भार जितका मागे तितका त्याचा टो-बारवरचा पीळ जास्त. जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर, याचंही कारण तेच.

चढवायचा क्रम असा ठेवा. घरूनच बाटल्या, पंप, दिवे, पिशव्या आणि बॅटरी काढून गाडीत. ई-बाइक आधी, गाडीला लागून. मुलीची तोंड उलट्या दिशेला करून, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. एकीचं पेडल दुसरीच्या आऱ्यांत घुसत असेल तर क्रँक (पेडलचा दांडा) फिरवून बघा; तरी अडलं तर सीट खाली घ्या. जिथे धातू धातूला लागतो तिथे पाइपवर चढवतात तो फोम किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा. ७०-८० किलोमीटरच्या थरथरीत लोखंडी पेडल रंग सोलून ॲल्युमिनिअमपर्यंत पोचतं. मग चाकांचे पट्टे, मग जबडे, आणि शेवटी पुढची चाकं फिरू नयेत म्हणून त्यांना एकेक पट्टा. झालं की सायकल धरून जोरात हलवा. गाडीसुद्धा हलली पाहिजे. सायकल एकटीच हलत असेल तर कुठेतरी ढिलं आहे. चौकोनी नळीचा रॅक थोडा खडखडतोच, त्यासाठी आवळायचा बोल्ट किंवा पाचर असते, ती विसरू नका.

बुरखा घालून सायकली झाकायचा विचार असेल तर सोडून द्या, तो शिडासारखा वारा धरतो. पाऊस असेल तर ई-बाइकच्या बॅटरीच्या खाचेवर तेवढं टोपण किंवा प्लास्टिक बसवा.

पाइपचा धूर कुठे निघतो तेही बघा. सायलेन्सरचं तोंड थेट एखाद्या टायरकडे असेल तर गरम झोताने टायर आणि रिम खराब होतात. खाच बाजूला सरकवता येते का पाहा. मागे नंबरप्लेट किंवा दिवे झाकले जात असतील तर जादा प्लेट आणि दिव्यांची पट्टी लावावी लागते. ती टो-बारजवळच्या ७ किंवा १३ पिनांच्या सॉकेटला जोडतात. टो-बार बसवताना ही वायरिंगही करून घ्या, नंतर करायला गेलं की मागचं सगळं पुन्हा खोलावं लागतं. तुमच्या भागातला वाहतुकीचा नियमही विचारा. रिव्हर्सचा सेन्सर सतत ओरडेल, कॅमेऱ्यात फक्त चाकं दिसतील, तेव्हा मागे घेताना कोणाला तरी उतरवून उभं करा.

शेवटचा खडबडीत टप्पा मात्र सावकाश. खड्ड्यात आदळताना तेच ४८ किलो टो-बारवर क्षणभर कितीतरी जास्त होऊन पडतात, आणि काही कंपन्या कच्च्या रस्त्यासाठी रॅकची मर्यादा कमी करून सांगतात. चढाच्या सुरुवातीला आणि गतिरोधकावरून उतरताना रॅकचा खालचा भाग टेकू शकतो. आवाज आला तर थांबून आधी दिव्याची वायर बघा.

टो-बारला परवानगीच नाही असं निघालं, तर कार्बनची आणि मुलीची टपावर (त्या दोन्ही सायकली कॅरिअरच्या मर्यादेत बसतात) आणि ई-बाइक आत, पुढचं चाक व बॅटरी काढून. मोटर पुढच्या चाकातच असेल तर ते चाक वायरमुळे सहज निघत नाही. मग आधी टेप घेऊन डिकीपासून पुढच्या सीटपर्यंतची लांबी मोजा. ही सोय चालण्यासारखी आहे, पण जाताना टपावर एकच सायकल चढवायची असली तरी तुम्हालाच चढवायची आहे, हे धरून चाला. व्हॅक्यूमच्या कपांनी चिकटणारे रॅकही टपाचेच भाऊबंद. ई-बाइकचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

दुकानात जाण्याआधी घरच्या वजनकाट्यावर प्रत्येक सायकल उचलून उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. कंपनीने छापलेलं वजन बहुधा मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँडशिवायचं असतं. ई-बाइक तुमच्या खांद्याला झेपणार नाही, ती यजमानांना तोलायला सांगा. दोन्ही एक्सलमधलं अंतर, टायरची रुंदी आणि तिरक्या नळीची जाडी कागदावर लिहून घ्या. २० इंची चाकाला काही रॅकची खाच मोठी पडते आणि वेगळा जोडपट्टा लागतो, तोही विचारा. मुलगी वाढते आहे. दोन-तीन वर्षांत २४ इंची सायकल येईल, तेव्हा एकूण वजनात तीन-चार किलोंची जागा शिल्लक हवी. टो-बारची मर्यादा ५० निघाली तर ती जागा नाही, हे आत्ताच लक्षात असू द्या.

आणि दुकानात ई-बाइक घेऊनच जा. टो-बार लावलेल्या एखाद्या गाडीवर रॅक बसवून दाखवायला सांगा, बॅटरी काढा, पट्टी लावा आणि सायकल तुम्ही स्वतः चढवा. जबडा आवळा, भरलेला रॅक पायाच्या खटक्याने मागे झुकवून त्या गाडीची डिकी उघडून बघा. यजमान सोबत असतील तर त्यांना तेवढा वेळ हात लावू देऊ नका.